थेल्मा रिटरसाठी घ्यावी अशी डिस्क: क्रायटेरियनची ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ ब्लू-रे

दिग्दर्शक सॅम्युअल फुलरच्या ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ (१९५३) या चित्रपटाची ब्लू-रे क्रायटेरियन कलेक्शन या निवडक चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने २०२१ मध्ये काढली. ती बहुतेक लोक फुलरसाठी घेतात, काही नायक रिचर्ड विडमार्कसाठी, आणि काही केवळ जुन्या गुन्हेगारीपटांच्या ओढीने. ही डिस्क थेल्मा रिटरसाठी घ्यावी, असं या परीक्षणाचं म्हणणं आहे. हॉलिवूडच्या सुवर्णकाळातल्या चरित्र अभिनेत्रींमध्ये तिच्या तोडीच्या फार थोड्या. आणि तिच्या कामाची पूर्ण उंची एकाच ठिकाणी पाहायची असेल, तर ती याच ऐंशी मिनिटांच्या चित्रपटात आहे. सुदैवाने डिस्कचं काम चोख झालं आहे. भारतातून घेणाऱ्याला मात्र काही गोष्टी आधी माहीत असायला हव्यात, नाहीतर पैसे वाया जातील. त्या पुढे सविस्तर दिल्या आहेत.

थेल्मा रिटर १४ फेब्रुवारी १९०२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मली. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्ट्समध्ये तिचं शिक्षण झालं, पुढे नाटक मंडळ्यांतून कामं केली. १९२७ मध्ये जोसेफ मोरनशी लग्न झालं, दोन मुलं झाली, रंगभूमी मागे पडली. चाळिशीच्या सुमारास ती रेडिओकडे वळली. पडद्यावर आली ती १९४७ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’मध्ये. दिग्दर्शक जॉर्ज सीटन ओळखीचा होता, म्हणून मिळालेलं ते छोटं काम. पोराला हवं असलेलं खेळणं सगळ्या दुकानांत शोधून पाय दुखलेली एक आई, एवढीच ती भूमिका. श्रेयनामावलीत तिचं नावही नाही. पण ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्सचा प्रमुख डॅरिल झॅनक याच्या नजरेत ती भरली आणि तिथून गाडी सुरू झाली. १९५० ते १९५३ या चार वर्षांच्या चित्रपटांसाठी तिला ओळीने चार ऑस्कर नामांकनं मिळाली: ‘ऑल अबाउट ईव्ह’, ‘द मेटिंग सीझन’, ‘विथ अ साँग इन माय हार्ट’ आणि हा ‘पिकअप’. पुढे ‘पिलो टॉक’ (१९५९) आणि ‘बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ’ (१९६२) अशी आणखी दोन. सहाही साहाय्यक अभिनेत्री विभागातली, आणि सहाही वेळा बक्षीस दुसरीकडे गेलं. या विभागात याहून जास्त नामांकनं आजवर कुणाला मिळालेली नाहीत.

‘पिकअप’साठी ती नामांकित झाली त्या वर्षी बक्षीस ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’साठी डॉना रीडला मिळालं. डॉना रीड चांगली आहे. पण दोन्ही भूमिका लागोपाठ पाहा. रिटरने ‘पिकअप’मध्ये केलेलं मो विल्यम्सचं पात्र तुमच्यासोबत कितीतरी जास्त काळ राहील.

कथा थोडक्यात अशी. स्किप मॅकॉय (विडमार्क) हा पाकीटमार भुयारी रेल्वेच्या गर्दीत कँडी (जीन पीटर्स) हिच्या पर्समधून पाकीट उडवतो. पाकिटात सरकारी गुपितांची मायक्रोफिल्म आहे, आणि आपण साम्यवादी हेरांसाठी ती नेत आहोत याची कँडीला कल्पना नाही. आता पोलीस, केंद्रीय तपासयंत्रणा आणि हेर असे तिघंही स्किपच्या मागे लागतात. या तिघांनाही तो कुठे सापडेल हे सांगू शकणारी व्यक्ती एकच: मो. दिवसा ती सुटकेसमधून नेकटाय विकते आणि खरी कमाई पोलिसांना खबरा देऊन करते. पैसा कशासाठी हवा, तर मेल्यावर बेवारसांच्या दफनभूमीत जायचं नाही म्हणून. तिला स्वतःची जागा हवी, वर नाव कोरलेला दगड हवा. बेवारस म्हणून पुरलं तर त्या धक्क्यानेच आपण मरू, असं ती पोलीस कप्तान टायगरला सांगते. न्यूयॉर्कमधल्या निर्धन आणि बेवारस मृतांची दफनभूमी १८६९ पासून हार्ट बेटावर आहे, शवपेट्या तिथे बोटीनेच जातात. एवढं माहीत असलं की शेवटाकडचा बोटीवरचा एक प्रसंग नीट कळतो.

कप्तानाच्या कचेरीतला तिचा पहिला प्रसंग अभिनय शिकणाऱ्यांनी तुकड्या-तुकड्याने पाहावा. ती आत येते तीच विक्रेती म्हणून, टायांची पेटी हातात. समोरच्या सरकारी माणसाला टाय खपवण्याचा प्रयत्न आणि पाकीटमाराच्या पद्धतीची चौकशी ती एकाच सुरात करते. हात कसा गेला, वर्तमानपत्राचा आडोसा होता का, हे ती एखाद्या अनुभवी कारागिराने दुसऱ्याच्या कामाची चौकशी करावी तसं विचारते. मग भावाची घासाघीस. महागाई वाढलीय, म्हणून दरही वाढलाय. इथे रिटर कुठेही विनोद ‘करत’ नाही. वाक्य संपण्याच्या किंचित आधी ती नजर दुसरीकडे नेते, त्यामुळे हशा तिने मागितल्यासारखा वाटत नाही. ही सवय रेडिओतून आलेली असावी असं आमचं मत आहे. रेडिओवर चेहरा मदतीला नसतो, तिथे वाक्याचा तोल नुसत्या श्वासावर सांभाळावा लागतो. पडद्यावर आल्यावर तिने तो तोल तसाच ठेवला आणि चेहरा मोकळा सोडला.

तिचे हातही पाहत राहा. रिटर पडद्यावर रिकामी बसलेली क्वचितच दिसते. हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’ चित्रपटातली तिची नर्स स्टेला मालिश करते, न्याहारी वाढते, आणि समोरचा माणूस घास तोंडात घालत असतानाच प्रेताची विल्हेवाट कशी लावली असेल याचा हिशेब मांडते. मोच्या हातात टायांची पेटी आहे. कष्टकरी बाई दाखवायला तिला फाटकी साडी-चोळीसारखा वेश लागत नाही, हातातलं काम पुरतं.

(पुढच्या दोन परिच्छेदांत मोच्या भूमिकेचा शेवट उघड होतो. चित्रपट पाहिला नसेल तर थेट चित्राच्या दर्जाकडे जा.)

मो सगळ्यांना माहिती विकते. कँडीला स्किपचा पत्ता तीच विकते, आणि स्किपलाही त्याचा राग येत नाही, तिलाही पोट आहे हे तो जाणतो. मग हेर जोई तिच्या खोलीवर येतो, तेव्हा ती नकार का देते? साम्यवाद म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही, तसं ती मोकळेपणाने सांगते. ते लोक आवडत नाहीत, इतकंच. पटकथेत हे कारण जरा तोकडं आहे. त्याला वजन रिटरच्या थकव्याने येतं. दिवसभर टाय विकून ती घरी येते, पाय ओढत, ग्रामोफोनवर ‘मॅमझेल’ची तबकडी लावते आणि आडवी होते. पायाशी माणूस बसलेला दिसतो तेव्हा दचकते, पण भीतीला पुरेल इतकंही त्राण तिच्यात उरलेलं नाही. दुखणारं डोकं, सकाळी उठायचा कंटाळा, आणि मरायची सोय व्हावी म्हणून जगण्याची कमाई करत राहण्याची दमछाक, हे सगळं ती एका संथ लयीत बोलते. कॅमेरा हळूहळू जवळ येतो. ती रडत नाही, आवाज चढवत नाही. दमलेलं माणूस जसं एकेक शब्द उचलून ठेवतं तसं ती बोलते. गोळी कॅमेरा दाखवत नाही. तो तबकडीकडे वळतो, गाणं संपतं आणि आवाज येतो.

फ्रान्समध्ये प्रदर्शित करताना डबिंगमध्ये साम्यवादी हेर काढून अमली पदार्थांचे तस्कर घालण्यात आले होते, चित्रपटाचं नावही त्यानुसार बदललं. कथा तरीही चालते, याचं मोठं श्रेय या प्रसंगाला आहे. कारण मोचा नकार राजकारणावर उभाच नाही. आपल्या मालाची एक हद्द तिने मनाशी आखली आहे आणि ती ओलांडायची नाही, एवढंच तिथे घडतं.

आता चित्राचा दर्जा. डिस्कवर नवं फोर-के डिजिटल पुनरुज्जीवन आहे. क्रायटेरियनने याच चित्रपटाची डीव्हीडी २००४ मध्ये काढली होती. ती आपल्या काळात चांगली होती, पण जो मॅक्डॉनल्डच्या छायाचित्रणातल्या जवळच्या दृश्यांचं बारीक काम त्यात अर्धंच पोचायचं. ब्लू-रेत मोच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरचा ओलावा, कोटाच्या जाड कापडाची वीण सगळं दिसतं. काळ्या छटा दाट आहेत पण चिखल झालेला नाही. मोच्या अंधाऱ्या खोलीतल्या प्रसंगात ग्रामोफोनचा आकार स्पष्ट कळतो, आणि तिथे ते कळणं फार महत्त्वाचं. फिल्मचे कण जसेच्या तसे ठेवले आहेत. काहींना ते ‘खरखर’ वाटतात. तो दोष नाही, १९५३ ची फिल्म अशीच असते, आणि कण पुसले की सुरकुत्याही पुसल्या जातात.

चित्राचं प्रमाण १.३३:१, म्हणजे जुन्या टीव्हीसारखं जवळपास चौकोनी. रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. ‘झूम’ किंवा ‘वाइड’ लावून त्या घालवल्या तर एक तर चेहरे फुगतात, नाहीतर डोकी कापली जातात. फुलर माणसांना चौकटीच्या अगदी कडेपर्यंत भरतो, त्यामुळे हे नुकसान लगेच दिसतं. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ निवडा. हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं ‘मोशन स्मूदिंग’ पूर्ण बंद करा, प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलेलं असतं. ‘नॉइज रिडक्शन’ शून्यावर आणा, ‘शार्पनेस’ खूप खाली. टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर यातलं बरंचसं त्या एका बटणाने होतं.

ध्वनी मोनो आहे, दाबून लहान न केलेला. होम थिएटर असेल तर कृत्रिम ‘सराउंड’ बंद ठेवा. ते चालू राहिलं तर संवाद खोलीभर पसरतात आणि रिटरचा ब्रुकलिनी उच्चार आणखी अवघड जातो. तिचं बोलणं जलद आहे, शब्द अर्धवट गिळलेले आहेत आणि भुरट्या चोरांची बोली त्यात भरपूर. इंग्रजी सबटायटल्स आहेत, ती पहिल्यांदा पाहताना लावाच. श्रवणदोष असलेल्यांसाठीची असल्यामुळे दारं, पावलं, संगीत यांचीही नोंद त्यात येते. ती थोडी अंगावर येते, पण संवाद पूर्ण असतात. ‘कॅनन’ म्हणजे पाकीटमार, ‘स्टूली’ म्हणजे पोलिसांचा खबरी, ‘पॉटर्स फील्ड’ म्हणजे बेवारसांची दफनभूमी. एवढे तीन शब्द माहीत असले की तिचे प्रसंग अडत नाहीत. हिंदी किंवा दुसऱ्या कुठल्याही भाषेतली सबटायटल्स डिस्कवर नाहीत.

पुरवणी साहित्याबद्दल मात्र तक्रार आहे. समीक्षक इमोजेन सारा स्मिथ यांची मुलाखत नेटकी आणि माहितीची आहे. १९८९ ची फुलरची मुलाखत आणि १९८२ चा फ्रेंच दूरचित्रवाणीवरचा भाग रंगतदार आहेत, कारण फुलर बोलायला लागला की थांबत नाही. पुस्तिकेत समीक्षकांचे लेख आणि फुलरच्या आत्मचरित्रातलं एक प्रकरण आहे. हे सारं दिग्दर्शकाभोवती फिरतं. या चित्रपटाला ऑस्करचं एकमेव नामांकन जिच्यामुळे मिळालं, केवळ तिच्यासाठी बनवलेला एकही व्हिडिओ डिस्कवर नाही. नाटक, रेडिओ, चित्रपट, दूरचित्रवाणी अशी तिची कारकीर्द मांडणारा वीस मिनिटांचा भाग असता तर ही आवृत्ती परिपूर्ण झाली असती. १९५८ मध्ये तिला ‘न्यू गर्ल इन टाउन’ या संगीतिकेसाठी अमेरिकन रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला, तोही मुख्य अभिनेत्रीचा, त्याच नाटकातल्या ग्वेन व्हर्डनसोबत विभागून. ऑस्करने सहा वेळा नाकारलेल्या या बाईने १९५५ चा ऑस्कर सोहळा न्यूयॉर्कच्या मंचावरून सांभाळला होता, हॉलिवूडच्या बाजूला बॉब होप होता. अशा गोष्टी डिस्कवर सापडायला हव्या होत्या.

एक पुरवणी तरीही सोन्यासारखी आहे: याच कथेचं १९५४ चं रेडिओ रूपांतर, ज्यात मोची भूमिका रिटरनेच केली आहे. ते चित्रपटानंतर लगेच ऐकू नका. एक-दोन दिवस जाऊ द्या, मग अंधारात हेडफोन लावून ऐका. चेहरा नसताना ती काय बदलते, कुठे थांबते, कुठे श्वास लांबवते हे तेव्हा कळतं. तिची मूळ शाळा कोणती होती, हे सांगणारा याहून चांगला पुरावा डिस्कवर दुसरा नाही.

आता खरेदी. ही अमेरिकन डिस्क ‘रीजन ए’ला, म्हणजे ठरावीक देशांच्या क्षेत्राला, बांधलेली आहे. ब्लू-रेसाठी भारत ‘रीजन सी’त येतो. म्हणजे भारतात विकत घेतलेल्या साध्या प्लेअरमध्ये ती लागणार नाही. पडद्यावर क्षेत्राचा संदेश येतो आणि काम तिथेच थांबतं. गेमिंग कन्सोलचंही तेच. अनेकांचा घोळ होतो तो फोर-के प्लेअरबाबत. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कना क्षेत्रबंदी नसते, म्हणून लोक समजतात की त्या यंत्रावर काहीही चालेल. पण त्याच यंत्राचा साध्या ब्लू-रेचा भाग क्षेत्राला बांधलेलाच असतो. ‘मल्टी-रीजन’ प्लेअर घेताना विक्रेत्याला स्पष्ट विचारा: डीव्हीडीसाठी की ब्लू-रेसाठीही? नुसत्या डीव्हीडीचं कुलूप काढून ‘सगळं चालतं’ असं सांगून यंत्रं विकली जातात. संगणकाचा ड्राइव्ह वापरणार असाल तर डीव्हीडीचं क्षेत्र साधारण पाचदाच बदलता येतं, नंतर ते कायमचं गोठतं. ब्लू-रेसाठी परवानाधारक प्लेअर सॉफ्टवेअर लागतं, फुकटची बरीच सॉफ्टवेअरं कुलूपबंद डिस्क उघडत नाहीत.

अमेरिका-कॅनडातल्या मराठी वाचकांना यातली एकही अडचण नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी युरेकाच्या ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’ मालिकेतली २०१५ ची ब्लू-रे पाहावी, ती ‘रीजन बी’ची आहे. क्रायटेरियनची ऑनलाइन वाहिनी फक्त अमेरिका आणि कॅनडात चालते, भारतातून तिचा उपयोग नाही.

छापील किंमत साधारण चाळीस डॉलर. त्या किमतीला घेऊ नका. बार्न्स अँड नोबल ही अमेरिकन पुस्तकसाखळी वर्षानुवर्षं जुलै आणि नोव्हेंबरमध्ये क्रायटेरियनच्या डिस्क निम्म्या किमतीला देत आली आहे. तिकडून कुणी येणार असेल तर तेव्हा घेऊन ठेवायला सांगा. टपालाने मागवलं तर पाठवणावळ आणि सीमाशुल्क मिळून सवलत गिळली जाते. पार्सल आलं की आधी डिस्क खुंटीवरून सुटली नाही ना ते बघा, सुटलेली डिस्क डब्यात घासली जाते. चरे दिसले तर पुसून बघायचा उद्योग न करता लगेच बदलून मागा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पुस्तिका डब्यातून काढून कोरड्या जागी ठेवा, गुळगुळीत कागदाची पानं दमट हवेत एकमेकांना चिकटतात.

एवढा खटाटोप कुणी करावा? जुन्या चित्रपटांचा संग्रह करणाऱ्यांनी, अभिनय शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी, आणि ‘रिअर विंडो’तली ती फटकळ नर्स कोण, असा प्रश्न ज्यांना पडला आहे त्यांनी नक्की करावा. ज्यांना फक्त ‘ऑल अबाउट ईव्ह’मधली बर्डी आठवते त्यांनीही करावा. ईव्हचं ढोंग सर्वांत आधी ओळखते ती बर्डी, पण उत्तरार्धात पटकथा तिला विसरूनच जाते, आणि इतक्या गुणी चित्रपटाची ही चूक दर वेळी खुपते. फुलरने ती केली नाही. मो पडद्यावर नसतानाही चित्रपट तिच्याभोवती फिरत राहतो.

तिच्या लांब भूमिकांपैकी एक ‘द मेटिंग सीझन’मध्ये आहे. हॅमबर्गरची टपरी बुडालेली आई मुलाच्या घरात त्याच्या बायकोला पत्ता लागू न देता स्वयंपाकीण म्हणून राहते. नामांकन साहाय्यक म्हणून झालं, पण तो चित्रपट चालतो तिच्याच खांद्यावर. ‘बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ’मधली मुलावर हक्क सांगणारी, शेवटी त्याच्यावरच उलटणारी आई पाहिली की तिला फक्त विनोदी मोलकरणींच्या भूमिकांत अडकवणाऱ्यांनी काय गमावलं ते उमगतं. तो ‘पिकअप’नंतरच पाहा, आधी नाही, कारण मोचा ओलावा मनात असताना त्या आईचा थंडपणा जास्त झोंबतो.

आणि मल्टी-रीजन प्लेअर घेणं जमणारच नसेल, तर युनिव्हर्सलने २०२० मध्ये काढलेली ‘रिअर विंडो’ची फोर-के डिस्क घ्या. क्षेत्रबंदी नसल्यामुळे ती भारतातल्या कुठल्याही फोर-के प्लेअरवर लागते. मात्र आत जोडीला साधी ब्लू-रे असेल तर ती लागेलच असं गृहीत धरू नका, फोर-के असं छापलेलीच डिस्क यंत्रात घाला.